पदराआडून केलेली तक्रार

शहापूरच्या तहसील कचेरीबाहेर बाळाराम पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत आला होता. तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट कळल्याशिवाय तो मशीनवर कागद चढवत नसे.

२००३ साली रंभा आली. केबलवर दुपारी घाणेरडं दाखवतात, घरात अकरा वर्षांची लेक वैष्णवी आहे, ते बंद करा, असा अर्ज तिला द्यायचा होता.

"काय दाखवतात, ते सांग."

"मी कुठं बघते, भाऊ? तसलं आलं की पदर तोंडावर घेते."

"मग संपलं ते कसं कळतं?"

"वैष्णवी सांगते ना. आये, गेलं, आता बघ, म्हणते."

बाळारामने हसू गिळलं. "बाय, तू पोरीला राखायला बसतेस, आणि पोरगीच तुला राखते. आज उघड्या डोळ्यांनी तिच्याशेजारी बस. मग ये."

चार दिवसांनी रंभा परत आली. "दोघींनी बघितलं. तीच म्हणाली, आये, मला नाय आवडत हे, बंद करू? मी तोंड झाकायची म्हणून इतके दिवस बोलली नाय."

"मग अर्ज?"

"लिवा. आता मला सांगता येतंय."

ती न अडखळता सांगत गेली. बाळारामच मान खाली घालून टाइप करत राहिला.