रेडिओची वरची कड

रोज संध्याकाळी रेडिओ लावण्याआधी शालिकरामकाका धोतराच्या सोग्याने त्याची वरची कड पुसत. सगळा रेडिओ नव्हे, फक्त समोरची वीतभर जागा. बाकीच्या पेटीवर धूळ असली तर असो. थंडीच्या दिवसांत हे पुसणं जरा जास्तच वेळ चाले. मग ते बटण फिरवत, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हाताने खूण करत. मैनाकाकू पदराला हात पुसत बाहेर येत.

शालिकराम बोंडे हे अमरावतीला अंबापेठेतले आमचे शेजारी. मूळचे बाळापूरकडचे. भाऊ शेती बघत आणि हे इथे एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिकवत नसत, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणत. गल्लीतला कुठलाही रेडिओ बंद पडला की तो त्यांच्या ओसरीवर यायचा आणि बोलायला लागूनच परत जायचा. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र आधी बरीच वर्षं रेडिओ नव्हता. मैनाकाकूंचे कान तिशीच्या आतच जाऊ लागले होते. कानाच्या आतलं बारीक हाड आखडलंय, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्यावर औषध नाही असंही. घरात दोघंच. एकट्याने ऐकणं काकांना बरं वाटत नसावं.

आमच्याकडे रेडिओ होता. संध्याकाळी नागपूर केंद्रावर गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागे. त्यात एक तिरसट म्हातारा आणि त्याची तोंडाळ सून यांची रोज भांडणं असत. ती ऐकायला गल्लीतल्या बाया जमत. मैनाकाकूही येत. वाती वळत कोपऱ्यात बसत आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहत. बाया हसल्या की त्या हसत. क्षणभर मागून.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात एकदा गोदाबाई म्हणाल्या, "मैनाबाईचं हसू बडनेऱ्याच्या गाडीनं येते बाप्पा. येते, पन लेट येते."

सगळ्या हसल्या. मैनाकाकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि त्याही हसल्या. सगळ्यांच्या मागून.

काका त्यांना न्यायला आले होते. दारात चपला काढायला वाकले होते, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

पुढच्या रविवारी ते अकोल्याला गेले. ताजनापेठेत केशवराव नावाच्या गृहस्थांचं लहानसं दुकान होतं. रेडिओचे सुटे भाग आणि महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेला माल तिथे मिळे. काकांनी तिथे अख्खा दिवस घालवला. प्रत्येक व्हॉल्व्ह उजेडात धरून त्याच्या डोक्यावरचा चंदेरी डाग पाहिला. डाग पांढुरका झाला असेल तर आत हवा शिरलेली असते. ट्रान्स्फॉर्मर तासभर चालू ठेवायला लावला आणि तो किती तापतो हे पालथ्या हाताने पाहिलं. स्पीकरचा कागदी पडदा दोन्ही अंगठ्यांनी हलके दाबून, कान लावून, कुठे खरखर येते का ते ऐकलं.

"मास्तर, नवरी पायतानीही एवढा वेळ घेतला नसन तुमी," केशवराव म्हणाले.

"नवरी पायलीच नवती. बापानं पायली."

"मंग? बरी निंगाली ना?"

"तिच्याचसाठी तं घेऊन राहिलो हे सारं."

"पन एवढा मोठा स्पीकर? जिनिंगच्या कारखान्यात लावता काय?"

"घरात," काका म्हणाले, आणि बारा इंची स्पीकर त्यांनी धोतरात गुंडाळून घेतला.

त्यांचा हिशेब सरळ होता. आवाज पोचत नाही, तर तो मोठा करायचा. चहाच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून त्यांनी स्पीकर त्यात तात्पुरता बसवला आणि शेजारी पत्र्याच्या सांगाड्यावर सेट जोडला. पहिल्यांदा तो लागला तेव्हा आमच्या घरातली भांडी थरथरली. मैनाकाकूंनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लय मोठा हाय ना?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान डोलावली.

"छान झाला," त्या म्हणाल्या. काकांनी सेट बंद केला.

नंतरचे चार महिने ते दर पगाराला अकोल्याला जात राहिले. आधीच्यापेक्षा ताकदीच्या व्हॉल्व्हची जोडी आणली, वजनदार ट्रान्स्फॉर्मर आणला. स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा हिरव्या दिव्याचा डोळा आणला. ऐकू नाही आलं तरी तिला दिसेल, म्हणून. काकूंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं मांजरावानी पायते." पण हसल्या नाहीत.

दिवाळीनंतरची संध्याकाळ होती. काका सेटच्या मागच्या बाजूला तापल्या सळईने डाग देऊन एक तार जोडत होते. कार्यक्रम चालू होता. समोर मैनाकाकू जमिनीवर बसल्या होत्या, तांदूळ निवडून झाले होते, आणि चहाच्या खोक्याच्या कडेवर हनुवटी टेकून त्या तापलेल्या व्हॉल्व्हकडे बघत होत्या. चुलीतल्या विस्तवाकडे बघावं तसं.

"तिले सर्दी झाली काय वो?" त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर करून हातानेच विचारलं, कोणाले?

"सुनेले. घोगरं बोलून राहिली आज."

त्या दिवशी नागपूरच्या त्या बाईचा आवाज खरोखरच बसला होता.

काकांच्या हातातली सळई निवायला लागली. ते पुढे आले. काकूंची हनुवटी त्यांनी बोटाने अलगद उचलली. आता? काकूंनी मान हलवली; काही नाही. पुन्हा टेकवली. काकूंनी डोळे मिटले. म्हातारा ओरडत होता, आणि त्या ऐकत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या म्हणाल्या, "मी सांगतलं होतं तुमाले. दळतानी जातं ऐकू येते मले, मानसं नाई येत."

"सांगतलं होतं," काका म्हणाले. "मीच नाई ऐकलं."

म्हणजे इतके दिवस जो भाग निवडायचा राहिला होता तो अकोल्यात मिळणारच नव्हता. तो लाकडाचा होता; कानाने न पोचणारा आवाज लाकडातून हनुवटीच्या हाडाने आत जात होता. काका शाळेतून नादकाटा, आपटला की गुणगुणणारा तो दोन दातांचा चिमटा, मागून घेऊन चांदूर बाजारला नत्थुजी सुताराकडे गेले. धारणीकडचं जुनं सागवान त्याच्याकडे होतं. काका नत्थुजीला नादकाटा आपटून फळीच्या एका टोकाला टेकवायला लावत आणि दुसरं टोक स्वतः दातांत धरत. एक फळी, दुसरी, पाचवी. बाहेर बघे जमले.

"मास्तर," नत्थुजी शेवटी म्हणाला, "सागवान हाय थे, ऊस नाई."

"ओलं लाकूड आवाज गिळून घेते गा. मले सुकं पाहिजे."

जुन्या चौकटीतून निघालेल्या फळीजवळ ते थांबले. डोळे मिटून बराच वेळ ती दातांत धरून राहिले. मग म्हणाले, "हे."

स्पीकर पेटीत बसवताना मध्ये रबर घालायचं आणि आतून जाड कापड लावायचं, म्हणजे लाकूड कंप पावत नाही आणि आवाज स्वच्छ राहतो, हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्यांच्या रेडिओत त्यांनी ते कितीदा करून दिलं होतं. आपल्या रेडिओत त्यांनी रबर घातलं नाही, कापड लावलं नाही. स्क्रू थेट लाकडात पिळले, आणि समोरची वरची कड गोल घासून घेतली. हनुवटीला टोचू नये म्हणून.

केशवराव एका लग्नाला अमरावतीत आले होते, ते मुद्दाम सेट ऐकायला डोकावले. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा पडला. "अहो, भनभनते हे! शब्द समजत नाई. एवढ्या चांगल्या मालाचं मातेरं केलं तुमी. रबर घाला."

"रबर डब्यात हाय," काका म्हणाले. "चहा घ्या."

एवढंच. पण पुढे कितीतरी दिवस, सेट लावला की त्यांची बोटं त्या स्क्रूंकडे जात आणि परत येत. इतका चांगला सेट त्यांनी आयुष्यात कधी जोडला नव्हता, आणि त्याचा चांगला आवाज त्यांच्या कानांनी त्या पेटीतून कधी ऐकला नाही.

गल्लीतल्या बायांना त्यांनी संक्रांतीला बोलावलं. मैनाकाकू बुटक्या स्टुलावरच्या रेडिओपुढे बसल्या आणि कडेवर हनुवटी टेकली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारा काहीतरी म्हणाला, पेटी भणभणली, आणि मैनाकाकू खळखळून हसल्या. एकट्याच. पहिल्या.

"काय म्हनला? काय म्हनला वं?" गोदाबाई पुढे सरकत विचारू लागल्या.

"म्हने, सुनेनं भाकरी अशी केली का बैलानंही वास घेऊन तोंड फिरवलं," मैनाकाकूंनी सांगितलं. आता बाकीच्या हसल्या.

"गोदाबाई," काका दारातून म्हणाले, "आज तुमची गाडी लेट हाय."

सगळ्यांत मोठ्याने गोदाबाईच हसल्या. मग जाताना त्यांनी मैनाकाकूंच्या ओंजळीत दोनदा तिळगूळ घातला.

नंतर नऊ वर्षं तो रेडिओ असाच वाजला. काका शेजारी बसत. शब्द त्यांना नीट कळत नसत. मध्येच ते काकूंच्या गुडघ्याला बोट लावून विचारत, काय म्हनला? आणि काकू सांगत. वरच्या कडेचं पॉलिश हनुवटीएवढ्या जागेत उडून तिथे लाकडाचा मूळचा रंग दिसू लागला होता.

सदुसष्टच्या जानेवारीत काका छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मी तेव्हा कॉलेजात होते. एका संध्याकाळी पेज घेऊन गेले, तर कार्यक्रमाची वेळ झाली होती आणि त्यांना उठवत नव्हतं. मीच रेडिओ लावायला गेले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे काका गेले. त्या संध्याकाळनंतर ते कोणाशी काही बोलल्याचं कोणाला आठवत नाही. बटणाला हात लावणार तेवढ्यात ते खाटेवरून मला म्हणाले होते, "आंदी कड पुस वं पोरी. जरा घासून घे. गार लाकूड हनुवटीले झोंबते तिच्या."