बोटाच्या टोकावरचा आकडा

डॉक्टरांसमोर पेशंट मोजकंच बोलतो, लॅबवाल्यासमोर मात्र सुटतो. त्यात सुई दिसली की माणसाचा अस्सल स्वभाव बाहेर! मी शिरूरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. दोन हजार सालानंतर शुगर तपासायचं छोटं मशीन आमच्याकडे घरोघरी यायला लागलं. ते कसं वापरायचं हे शिकवायला मी स्कूटरवरून शिरूर-दौंड भागात फिरायचो आणि रोज एखादा तरी किस्सा डिकीत घालून परत यायचो.

माझे सगळ्यात लाडके पेशंट म्हणजे केंदूरचे धोंडीआप्पा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं घर. आता शेती करत होते, पण हौस म्हणून दारात सहा मेंढ्या होत्याच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"मेंढरू तोंडावरनं वळखायचं आस्तंय, दादा. आता कान चाचपून वळखतोय. लाज वाटती," असं ते म्हणायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "उपाशीपोटी शुगर दीडशेच्या आत आणा आणि महिन्याने या. मग ऑपरेशन!" आप्पांची होती दोनशे साठ. म्हणून मशीन घेतलं. बोट आप्पांचं, पण आकडा वाचायचा त्यांच्या बायकोने, हौसाआक्काने. आक्का चौथी शिकलेली, आणि आप्पांना पडद्यावरचा आकडा दिसतच नव्हता.

*

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक रिटायर्ड गार्डसाहेब होते. नोकरी संपली तरी अंगातली रेल्वे गेली नव्हती. सकाळी बरोबर सहाला बोट टोचायचे. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. वहीत आकड्यापुढे शेरा लिहायचे, "राइट टाइम."

एकदा आकडा आला एकशे साठ. मी म्हटलं, "साहेब, थोडी वाढलीय."

"वाढली कुठे? आऊटरला उभी आहे. सिग्नल मिळाला की येईल आत!"

आणि खरंच, पंधरा दिवसांत गाडी फलाटाला लागली.

*

एका गावचे माजी सरपंच. भर सभेत माईक हिसकावून घेणारा माणूस, पण सुई पाहिली की घाम! एकदा मी गेलो तर ओसरीवर चहापाणी चाललेलं, सरपंच सगळ्यांना सांगतायत, "शुगर चौऱ्याऐंशी! आपुन जिकलो!"

मला शंका आली. बोटं पाहिली, तर एकावरही टोचल्याची खूण नाही. तेवढ्यात शेतावरचा गडी बोट चोखत गोठ्यातून बाहेर आला.

"माझ्या वतीनं दिलं त्यानं रगात," सरपंच हळूच म्हणाले.

आतून त्यांच्या कारभारणीचा आवाज आला, "मंग आता गोळ्याबी त्यालाच द्या! आन् बिनसाखरंचा चाबी!"

*

दौंडकडच्या एका गुऱ्हाळमालकाचा सकाळी सकाळी फोन. "लवकर या, चारशे चाळीस दावतंय!" मी स्कूटर हाणत पोचलो. घरात रडारड, आणि मालक मात्र कामाच्या कपड्यांत ठणठणीत बसलेले. रात्रीपासून काही खाल्लेलं नव्हतं. पहाटेपासून गुळाच्या ढेपा बांधत होते, एवढंच.

मी म्हटलं, "आधी साबणाने हात धुवा." धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. एकशे बत्तीस!

मालकांनी आपल्याच हाताकडे बघितलं आणि घरच्यांवर ओरडले, "रडताय काय? शुगर हाताला हाय, अंगात न्हाई!"

*

आता आप्पा. पहिल्या आठवड्यातच एकदा चांगला आकडा आला, तर या आनंदात आप्पा गुऱ्हाळावर जाऊन वाटीभर काकवी पिऊन आले! त्यानंतर मात्र रोज आक्का सांगायची, "एकशे नव्वद." "दोनशे धा." आप्पा भाकरी कमी करायचे, देवळापर्यंतच्या दोन फेऱ्यांच्या चार करायचे. तोंड उतरलेलं असायचं.

एकदा मी मशीनमधले जुने आकडे पाहिले. एकशे अडतीस. एकशे एकतीस. मी आक्काकडे बघितलं, तर तिने मला बाजूला घेतलं.

"दादा, गप ऱ्हावा. बरं हाय म्हनून कळलं की ह्ये पुन्यांदा काकवी पित्याल. त्यास्नी डोळं पायजेत, आन् मलाबी पायजेत."

मी गप्प राहिलो. डॉक्टरांना मात्र खरे आकडे कळवत होतो.

महिना भरला. आप्पा मान खाली घालून दवाखान्यात गेले. तिथली तपासणी आली एकशे बावीस! आप्पा बाकावरून उठून ओरडले, "बिरोबा पावला!" आक्का लुगड्याच्या पदराने तोंड पुसत राहिली.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. मी केंदूरला गेलो तेव्हा आप्पा काळा चष्मा लावून दारात उभे होते. साही मेंढ्यांची नावं लांबूनच, एक न चुकता घेतली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

मग म्हणाले, "ते मशीन आना हिकडं." स्वतः टोचलं, स्वतः वाचलं, "एकशे अठरा!" मग विचारलं, "मागलं आकडं कसं बघायचं?" आता काय करणार? मी बटण दाखवलं. आप्पा एकेक आकडा मोठ्याने वाचत मागे मागे गेले. पार महिनाभर मागे. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

आप्पा उठले, आत गेले. चष्मा काढून आक्काकडे नीट बघितलं. मग मशीन तिच्या पिठाच्या हातात ठेवलं.

"उद्यापास्नंबी तूच वाच."