विजेतीची तक्रार

११ सप्टेंबर १९९३, शनिवार, सकाळचे दहा. रक्कम पस्तीस डॉलर, महिन्याची फी, चेकने. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, आमची नऊ वर्षांची मुलगी प्रज्ञा आणि तिला तायक्वांदो शिकवणार होती ती नर्मिन. ठिकाण डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या एका कम्युनिटी सेंटरचं तळघर. तिथे त्या वेळी बारा मुलं रांगेत उभी राहून हवेत लाथा मारत होती.

नर्मिनने चेक घेतला, घडी घालून कमरेच्या काळ्या पट्ट्यात खोचला आणि मोजणी पुढे सुरू केली. बिर, इकि, उच. हे तुर्की आकडे. तायक्वांदोत कोरियन आकडे म्हणायची पद्धत आहे, हे मला पुढे कळलं. नर्मिनचं म्हणणं असं, की दमल्यावर माणूस आपल्याच भाषेत मोजतो, "आणि मी दिवसभर दमलेलीच असते." मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने पाच लाथा मारल्या आणि नर्मिन तीनच म्हणाली. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत कॉस्टिंग बघतो. मोजणी चुकली की मला बसवत नाही. वर्ग सुटल्यावर मी तिला विचारलंच.

"लाथ गेली म्हणजे झाली नाही," ती म्हणाली. "पाय परत जमिनीवर, तोल जागेवर, मग एक. त्या मुलीचे दोन पाय अजून परत यायचेत."

गाडीत बसताना सुनंदा म्हणाली, "घ्या! तुम्हाला तुमच्यासारखीच भेटली."

नर्मिन तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. उंची पाच फूट पाच इंच, नाक एकदा मोडून थोडं डावीकडे बसलेलं. तिचा मोठा भाऊ आमच्या घरापासून दीड मैलावर ड्राय क्लीनिंगचं दुकान चालवायचा. ती सकाळी सातपासून तिथे वाफेच्या प्रेसवर उभी असायची आणि संध्याकाळी व शनिवारी मुलांना शिकवायची. माझे शर्ट तिच्याच हातून जायचे. "आबी, तुझी डावी कॉलर आधी झिजते. फोन खांद्याला लावून बोलतोस ना?" असं तिने एकदा काउंटरवरून सांगितलं, आणि ते खरं होतं. आबी म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. सुनंदाला ती येंगे म्हणायची, म्हणजे वहिनी. आमच्याच गावच्या मुलीने हाक मारावी तशी. आम्ही बोलायचो मात्र इंग्रजीत, दोघांच्याही मोडक्यातोडक्या.

मला तिच्याबद्दल कुतूहल होतं, आणि ते लपवण्याचा माझा स्वभाव नाही. एक बाई लाथा मारण्यात आयुष्याची सोळा वर्षं कशी घालवते? ती तुर्कस्तानातल्या इझमिरची. वडील रेल्वेत. बाराव्या वर्षी ती मुलांच्या वर्गात शिरली, कारण मुलींचा वर्गच नव्हता. एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात. पुढे गुडघा गेला, संघातली जागा गेली आणि भावाने तिला इकडे बोलावून घेतलं. एका रविवारी आमच्याकडे जेवताना मी पिवळं पॅड काढून विचारलं, "एकूण लढती किती? जिंकलेल्या किती?"

"जिंकलेल्या नाही मोजल्या. हरलेल्या चौदा." आणि तिने भाकरी खाली ठेवून चौदाच्या चौदा सांगितल्या. कुठे, कुणाशी, कोणत्या फेरीत, कुठली लाथ लागली. नववी लढत सांगताना तिने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला, जणू ती लाथ अजून तिथेच होती.

"बाई गं," सुनंदा मला मराठीत म्हणाली, "हिला जेवू द्या की आधी."

नर्मिनला एकच गोष्ट हवी होती. परत संघात जायचं होतं. तिचे गुरू, ज्यांना ती होजा म्हणायची, अंकाऱ्यात निवड शिबिर घेत असत. १९९४च्या मार्चमध्ये त्यांच्याशी फोनवर बोलून ती दुकानातून तडक आमच्याकडे आली. होजा म्हणाले होते, मेमध्ये लॅन्सिंगला मोठी खुली स्पर्धा आहे. ती जिंकलीस तर शरदातल्या शिबिराला बोलावतो, नाहीतर माझ्याकडे अठरा वर्षांच्या मुली आहेत. "दुसरी आले तर?" असं तिने विचारलं होतं. होजांनी फोन ठेवला होता.

एप्रिलमध्ये आमच्या मंडळींची बाबासाहेबांची जयंती झाली. डेट्रॉइट परिसरातली आमची बावीस कुटुंबं. वर्गणीचा हिशेब दरवर्षी मीच वाचतो, शेवटच्या सेंटपर्यंत. नर्मिन पाहुणी म्हणून आली होती. भाषणं तिला कळली नाहीत, पण मी हिशेब वाचायला उभा राहिलो तेव्हा ती खुर्ची पुढे ओढून बसली. नंतर म्हणाली, "आबी, लॅन्सिंगला गुण मांडायला माणसं कमी आहेत. तू ये. तिकडे सगळे घाईत बेरीज करतात."

अशा रीतीने मी लॅन्सिंगच्या एका जिमखान्यात गुणांच्या टेबलावर बसलो. सकाळी आम्हाला प्रत्येकी एक कागद मिळाला. लिंडा नावाची टेबलप्रमुख बाई म्हणाली, "सोपं आहे. लागलेली लाथ एक गुण, पंचांची ताकीद अर्धा गुण वजा." मी दिवसभरात एकवीस लढती मांडल्या आणि प्रत्येक बेरीज दोनदा तपासली.

बाविसावी लढत नर्मिनच्या गटाची अंतिम. तिच्यासमोर ओहायोची एकोणीस वर्षांची मुलगी, लांब पायांची आणि फार वेगवान. मी माझ्याच माणसाची लढत मांडू नये, असं मी लिंडाला म्हणालो होतो. ती म्हणाली, "तू फक्त बेरीज करतोयस रे, गुण पंच देतात." तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या सेकंदांत त्या मुलीची एक लाथ नर्मिनच्या बरगडीवर अशी बसली, की आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. संपलं. मी बेरीज केली. नर्मिन चार, ताकीद नाही. ती मुलगी पाच; पण रिंगणाबाहेर गेल्याच्या दोन आणि धरल्याची एक अशा तीन ताकिदी, म्हणजे दीड वजा. साडेतीन. चार विरुद्ध साडेतीन. पंचांनी नर्मिनचा हात वर केला.

प्रज्ञा आणि सुनंदा बाकांवर उभ्या राहून ओरडत होत्या. नर्मिनने लवून नमस्कार केला, हेल्मेट काढलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आली.

"आबी, ताकिदी किती लिहिल्यास?"

"तीन."

"वजा किती?"

"दीड."

तिने माझा कागद उचलला आणि उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दोन ताकिदींचा एक गुण वजा, उरलेली एकटी ताकीद धरू नये. गुण सारखे झाले, तर वजाबाकीपूर्वी ज्याचे गुण जास्त तो विजयी. बँकेच्या पत्रांच्या मागचंसुद्धा वाचणारा मी, हा कागद उलटवला नव्हता. पाचातून एक वजा, चार. बरोबरी. आणि वजाबाकीपूर्वी तिचे पाच, हिचे चार. नर्मिन हरली होती.

आता जे लिहितो ते लिहायला मला आवडत नाही. मी आजूबाजूला पाहिलं. ओहायोची मुलगी भिंतीशी टॉवेलात तोंड घालून रडत होती, तिचा प्रशिक्षक बॅग भरत होता. मी आवाज खाली आणून म्हणालो, "कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

"माझ्या आलंय," नर्मिन म्हणाली.

मग मी लिंडाला माझी चूक सांगितली. ती म्हणाली, हात वर गेल्यावर टेबलाला काही बदलता येत नाही. लेखी तक्रार हवी, दहा मिनिटांच्या आत, पन्नास डॉलर रोख शुल्कासह.

"फॉर्म द्या," नर्मिन म्हणाली.

"अगं पोरी, तू जिंकलीयस!"

"म्हणून तर. हरलेल्यानेच तक्रार करावी, असं लिहिलंय का?"

लिंडाने चष्मा लावला, नियम वाचला, पुन्हा वाचला. "स्पर्धकाने, एवढंच आहे."

"मी स्पर्धक आहे. पेन द्या."

'कोणाच्या विजयाविरुद्ध' या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं, जराही न कचरता, शर्टाच्या पावतीवर लिहिते तशा सुबक अक्षरांत. तिच्या बॅगेत वीस डॉलर निघाले. तीस मी घातले. सहा मिनिटं उरली होती. पंच एकत्र जमले, माझा कागद फिरला, मला दोन प्रश्न विचारले, आणि थोड्या वेळाने ओहायोच्या मुलीला परत मॅटवर बोलावून तिचा हात वर केला. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. तिच्या प्रशिक्षकालाही नाही. तो संशयाने माझ्याकडे बघत राहिला.

परतीच्या रस्त्यावर प्रज्ञा मागच्या सीटवर रागाने म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर, बाबा. यू मेड द मिस्टेक अँड शी लॉस्ट."

"ऐका," सुनंदा म्हणाली. "लेकीचा निकाल अचूक आहे."

बऱ्याच मैलांनंतर नर्मिनला विचारलं, होजा लढतीची व्हिडिओ टेप मागवून चूक पकडतील, या भीतीने तक्रार केलीस का?

"टेप कुणी काढलीच नव्हती, आबी." तिने बरगडीवर हात धरला होता. "इथे दुखतंय. जिंकल्यावर असं दुखत नाही, मला माहीत आहे." मग म्हणाली, "तुझ्या पिवळ्या कागदावर लिही. पंधरावी. ओहायो, तिसरी फेरी, उजवा पाय."

सोमवारी तिने माझ्या ऑफिसच्या फॅक्सवरून होजांना निकाल पाठवला. फक्त 'दुसरी' असं. का आणि कसं, ते लिहू दे म्हणून मी मागे लागलो. चूक माझी होती, मला माझं नाव घालून कळवायचं होतं. तिने ऐकलं नाही. "त्यांनी निकाल विचारला होता. गोष्ट नव्हती विचारली." गुरुवारी उत्तर आलं. तुर्कीत दोन ओळी. तिने काउंटरवर मला वाचून दाखवल्या: "बर्फ लाव. मुलांना शिकव." शिबिराचा उल्लेख नव्हता. कागद तिने घडी घालून गल्ल्याखाली ठेवला आणि माझे शर्ट काढून दिले. पाच. मला तेव्हा तिच्याकडे बघवलं नाही.

ती पुन्हा कधी स्पर्धेत उतरली नाही. शनिवारचा वर्ग मात्र एकदाही चुकला नाही. बरगडीला पट्टा बांधून ती त्याच आठवड्यात आली होती. १९९७च्या जूनमध्ये वडील आजारी पडले, तेव्हा ती इझमिरला परत गेली. तिथे मुलींचा वर्ग काढलाय, असं पहिल्या पत्रात होतं. चाळीस मुली. त्यातल्या मोजल्या जातात त्या एकवीस, असंही होतं.

तक्रारीच्या शुल्काचं सांगायचं राहिलं. तक्रार मान्य झाली की शुल्क परत मिळतं, म्हणून मी लॅन्सिंगला पत्र घातलं. लिंडाचं उत्तर जूनमध्ये आलं. नियम असा, की ज्या स्पर्धकाच्या बाजूने निकाल लागला त्याला शुल्क परत करावं; तक्रार केली कुणी, याचा नियमात विचार नाही. मी आणखी एक पत्र लिहायला घेतलं होतं. नर्मिन म्हणाली, राहू दे, बरोबरच आहे. त्यामुळे पन्नास डॉलर, नर्मिनचे वीस आणि माझे तीस, १७ जून १९९४ रोजी चेकने दिले गेले ते ओहायोच्या त्या मुलीला.