चार घरची भाकरी

"फडकं सोड. वर धर. सगळ्यांना दिसू दे."

मास्तर शाळेच्या पडवीच्या कडेला उभे होते. मी खाली अंगणात, माझ्या नेहमीच्या जागी. महारवाड्यातल्या मुलीला पडवीवर जागा नव्हती. मी गाठ सोडली आणि भाकरी दोन्ही हातांवर धरली. वर्गातली पोरं कडेला गोळा होऊन वाकून बघायला लागली.

त्या दिवशी आरोग्याचा धडा होता. मुलांनी काय खावं ते शिकवा, असा वरून हुकूम आला होता. नुसत्या भाकरीनं पोर अंग धरत नाही, सोबत डाळ हवी, पालेभाजी हवी, ताक हवं, रोज तेच ते नको, असं मास्तरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि उद्या सगळ्यांनी दुपारचं खाणं शाळेत आणा, मी बघणार आहे, असंही. माले गावाच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. पोरं काय खातात हे तिथं कोण कशाला बघतंय? मला वाटलं, आपलंही बघतील. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले होते.

आईला सांगितलं तर तीही हरखली. आमच्या घराकडं गावकीचं काम होतं. गावाची मेलेली ढोरं ओढायची, निरोप पोचवायचे. त्याच्या बदल्यात खळ्यावर थोडं धान्य, आणि रोज तिन्हीसांजेला उरलेल्या भाकरीचे तुकडे. आई टोपली घेऊन दारोदार जायची, लांब उभी राहून हाक द्यायची. त्या संध्याकाळी तिनं टोपली पालथी केली आणि माझ्यासाठी चांगले तुकडे वेचले. पाटलाकडची पांढरी तांदळाची भाकरी. कुलकर्ण्यांकडची अर्धी पोळी. वाण्याकडची तीळ लावलेली बाजरीची. सुताराकडची मेथीची दशमी. आमची स्वतःची नाचणीची भाकरी चुलीपाशी होती, ती तिनं बाजूला सारली.

"ही काळी नगं. चार पोरांत बरं दिसाया पायजे," म्हणाली.

तिथंच चुकलं. नाचणीची भाकरी घरोघर सारखीच, ती कुणी ओळखली नसती. चांगला तुकडा मात्र ज्याचा त्याला लगेच ओळखू येतो.

"मास्तर, ती तांदळाची आमची हाय," पाटलाचा धाकटा म्हणाला. "काल आयनं कुत्र्याम्होरं टाकली व्हती. त्यानं हुंगून सोडली."

मग काय, चढाओढच लागली. तिळाची आमची. दशमी आमची, परवाची हाय ती. माझ्या हातावरचा एकेक तुकडा लांबूनच बोट दाखवून वाटला गेला. माझा म्हणून एकही उरला नाही. मास्तर रागावले असते तरी मला चाललं असतं. ते हसले.

"पाहा. आहार विविध असावा म्हणतात तो असा. चार घरची चव एका फडक्यात."

सगळा वर्ग खदखदला. माझे हात तसेच वर. खाली कर असं कुणी म्हणालं नाही आणि आपण होऊन खाली करावेत एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मला रडू आलं नाही. पोटातून आग उठली होती आणि ती कुणावर ओतावी तेच कळत नव्हतं.

घरी येऊन ती आईवर ओतली. म्हणाले, "गावाचं मी खानार न्हाई."

आईनं थोबाडीत दिली. "मग काय माती खाशील?"

बाप दाराशी बसला होता. तो इंग्रजांच्या लढाईच्या वेळी समुद्रापार बसऱ्याला हमाली करून आलेला, मला शाळेत घालायचा हट्ट त्याचाच. मग मी कुत्र्याचं सांगितलं. आईचा पुन्हा उगारलेला हात खाली आला. ती भाकरी घेताना तिनं पाटलीणबाईला दुवा दिला होता.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती गेली नाही. वरच्या आळीतून हाका आल्या, "अगं ए, भाकर घिऊन जा की." आई जात्यावर बसून राहिली. आमच्या तुकडाभर जमिनीतली नाचणी दळली. ओढ्यावर जाऊन खेकडे धरून आणले, बांधावरचा कुर्डू खुडला. सकाळी भाकरी, कुर्डूची भाजी आणि ठेचलेल्या खेकड्याची चटणी तिनं फडक्यात बांधली.

दुपारी मास्तर पुन्हा पडवीच्या कडेला आले. त्यांना चटक लागली होती. "आज कोणाकडचं? सोड बघू."

"आमचं हाय."

"मग दाखव."

दाखवण्यासारखंच होतं. डाळ-ताक नव्हतं, पण नुसती भाकरीही नव्हती; पालेभाजी होती, खेकडा होता. सोडून दाखवलं असतं तर कदाचित शाबासकीही मिळाली असती. पण माझ्या आईची भाकरी त्यांनी पास करायची? कोण हे?

"न्हाई दाखवनार."

हात लावला तर विटाळ होतो म्हणून त्यांनी छडी लांबून फेकली. कानावर बसली. मी जागेवरून हलले नाही. तिथंच, सगळ्यांच्या देखत, गाठ सोडून जेवले.

आई तुकडे घ्यायला येत नाही, हे गावाला मात्र झोंबलं. तुकडा नको तर खळ्यावरही येऊ नका, असं चावडीवर बापाला सुनावलं गेलं. त्या सालचं धान्य बंद झालं. बाप पौडच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. संक्रांतीपर्यंत घरातली नाचणी संपली. उकडलेल्या कंदावर दिवस निघत होते आणि मी उपाशीपोटी पाढे म्हणत होते. शाळा सोड, असं आई दोनदा म्हणाली.

संक्रांतीला पाटलीणबाई स्वतः महारवाड्याच्या तोंडाशी आल्या. टोपली खाली ठेवून मागं सरल्या. गुळाच्या पोळ्या होत्या, ताज्या. वास आमच्या दारापर्यंत येत होता.

"घ्या गं. पोरीला शाळंत न्याया व्हतील. झालं गेलं सोडा."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आई माझ्याकडं बघत होती. ही टोपली घरात आली की उद्या तिन्हीसांजेला आई पुन्हा त्यांच्या दारात उभी राहणार, हे तिलाही कळत होतं, मलाही. मी पुढं झाले.

"पाटलीणबाई, टोपली माघारी न्या. आमी आता घेत न्हाई."

"लई माज आला व्हय गं?"

"व्हय," म्हणाले. "आला."

आईनं मला मारलं नाही. त्या दिवशी आम्ही काहीच जेवलो नाही आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. आज माझी लेक शाळेत जाते. तिच्या दुपारच्या खाण्यात जे असेल ते माझ्या हाताच्या कष्टाचं असेल. काम मिळालं नाही तर ती रिकाम्या पोटी जाईल. पण जाईल. आणि तिच्या हातातलं खाणं वर धरायला लावणारा मास्तर भेटलाच, तर त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.