पेन्शन वाढल्याचा गूळ

धुळ्यात माझ्या खोलीसमोरच्या धर्मशाळेत दर शनिवारी गरिबांना ज्वारी वाटायचे. त्या रांगेत एक म्हातारे, निवृत्त पोलीस शिपाई असायचे. नाव मी कधी विचारलं नाही; सगळे आबा म्हणत. धोतरावरही नोकरीतला चामडी पट्टा कसलेला. कोणी रांग मोडली, की "मांगे सरका!" एवढंच म्हणायचे.

सरकारनं पेन्शन थोडी वाढवली, तेव्हा आबांनी साऱ्या रांगेला गूळ वाटला. ज्वारी वाटणाऱ्या मुनीमजींनाही दिला. खडा गालात ठेवूनच मुनीमजी म्हणाले, "आबा, आता तुमचं भागेल. तुमची ज्वारी दुसऱ्या गरिबाला जाईल."

वाढलेल्या पैशात तेवढी ज्वारी येत नव्हती, आणि घरी म्हातारीही होती. पण दुसरा गरीबही उपाशीच, भांडायचं कोणाशी?

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. शहाणपणानं म्हणालो, "आबा, गप्प बसायचं होतं. कोणाला कळलं असतं?"

"भाऊ, खुशीनी गोट लपाडाले मी काय चोर शे?"

काही महिन्यांनी त्यांच्या पट्ट्याला जुन्या भोकांच्या बरंच आत नवं भोक पाडलेलं दिसलं. मी नजर वळवली.

पुढे पेन्शन पुन्हा वाढली. आबा गूळ घेऊन धर्मशाळेत हजर! पहिला खडा मुनीमजींच्या हातावर ठेवून म्हणाले, "खा, मुनीमजी. आते काय बंद करशात?"

रांग खदखदून हसली. मुनीमजी मात्र खडा हातातच धरून बसले.