दुसरा भाग कवा येतोय?

परभणी ते जिंतूर रोज अप-डाऊन करणाऱ्या माणसांकडे बाकी काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. पगारातलं शिल्लक पडत नाही, ते पेट्रोलात जातं. पण किस्से! गाडीच्या सीटखाली शेंगांची टरफलं जमावीत तसे. झाडायला घ्यावं तर आणखी चार निघतात. आमच्या गाडीतले किस्से हसण्यासारखे आहेत असं मला बरेच दिवस वाटायचं. हल्ली सांगायला बसले की मध्येच डोळे पुसावे लागतात. तरी सांगते.

गाडी कुलकर्णी सरांची. ते आमच्या शाळेत गणित शिकवतात आणि गाडीही गणितासारखीच चालवतात, एकही पायरी न गाळता. त्यांच्या शेजारी कदम सर, विज्ञानाचे. मागे मी, मराठीची. आणि माझ्या बाजूला रेंगे मामा. मामा जिंतूरला एका सरकारी कचेरीत क्लार्क आहेत, मूळचे वालूरचे, राहायला परभणीत. अख्खी कचेरी त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

कुलकर्णी सरांचा वक्तशीरपणा म्हणजे काय, ते आधी सांगते. एकदा त्यांच्या मिसेसना जिंतूरला लग्नाला जायचं होतं. आम्ही सगळे गाडीत बसलो, वहिनी आत पिना लावत होत्या. सरांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी काढली!

मी ओरडले, "सर, वहिनी राहिल्या!"

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, एस.टी. आहे की."

* * *

मामांचा किस्सा मात्र फोनचा आहे.

मामांना एकच मुलगा, किशोर. पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. एका निकालात नाव आलं नाही, तर खोलीवरून बॅग उचलली आणि निघून गेला. फोन बंद. दोन वर्षं होत आली. पोलिसांत नोंद झाली, मामा कितीदा पुण्याला जाऊन आले, काही थांगपत्ता नाही. मामा दर महिन्याला वाटेतल्या बोरीच्या चौकात गाडी थांबवायला लावतात आणि किशोरच्या नंबरावर रिचार्ज मारतात.

दुकानदार एकदा म्हणाला, "मामा, ह्यो नंबर तर कदीच लागत न्हाई. कशाला भरता?"

"भर तू," मामा म्हणाले. "नंबर बंद पडला की कंपनी दुसऱ्याला देऊन टाकती. मंग पोरानं फोन कुठून लावावा?"

आणि मामा अनोळखी नंबर कधीही सोडत नाहीत. आपण कंपन्यांचे फोन कसे कट करतो! मामा पहिल्या रिंगला उचलतात. "हॅलो, किशोर?"

असाच एकदा झरीजवळ फोन आला. स्पीकर चालू होता, कारण मामांना स्पीकर बंद करता येत नाही. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्याला लोन हवंय का?"

मामांनी विचारलं, "ताई, कुठून बोलायलाव तुमी?"

"पुण्याहून, सर."

मामा एकदम सरळ बसले. "पुण्यात कुठं? पेठांकडं येणं-जाणं हाय का तुमचं? पोरगं हाय आमचं तिथं. उंच हाय, सावळं हाय, डाव्या भुवईवर खूण हाय. किशोर नाव हाय."

मुलगी गडबडली. "सर... ते... लोनबद्दल..."

"लोन न्हाई पायजे, माय. पोरगं पायजे."

तिनं फोन ठेवला नाही. किशोरचं पूर्ण नाव विचारलं. मामांनी सावकाश सांगितलं, दोनदा सांगितलं. कुलकर्णी सरांनी समोर रस्ता मोकळा असताना हॉर्न वाजवला.

* * *

आता पिक्चर.

कदम सरांना एकच व्यसन, अंतराळाचे पिक्चर. कुठे चांगला लागला की नांदेडला, नाहीतर थेट हैदराबादला जाऊन बघून येतात आणि नंतर आठवडाभर आम्हाला गाडीत सांगतात. सांगतात म्हणजे काय! सीटवर उलटे वळून बसतात, हातवारे करतात, यान उडालं की डॅशबोर्डवर थापा मारतात. कुलकर्णी सर ओरडतात, "अहो, गाडी माझी आहे!"

त्या वेळचा पिक्चर असा होता. चार माणसं यानातून लांबच्या ग्रहाकडे निघतात. वाटेत यानाचा अँटेना बिघडतो. त्यातला सगळ्यात लहान, पोरसवदा गडी, कमरेला दोर बांधून दुरुस्तीला बाहेर जातो. आणि दोर तुटतो.

मामा म्हणाले, "दोर कशाचा व्हता?"

"तारेचा, मामा."

"मंग तुटला कसा? तारेचा दोर असा कसा तुटंल? बांधणारानं बघितला न्हाई का?"

कदम सरांनी कुलकर्णी सरांकडे पाहिलं. कुलकर्णी सरांनी ताण, वजन, वेग असं बरंच सांगितलं. ते संपेपर्यंत बोरी आली. मामांचं समाधान झालं नाही. "बांधणाऱ्याची चूक हाय," असं ते जिंतूरपर्यंत म्हणत राहिले.

शेवट कदम सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितला. यानाला थांबता येत नाही. पोरगं अंधारात मागे राहतं. खाली पृथ्वीवरचे मोठे साहेब म्हणतात, संपलं. पण एक जण त्या पोराची रेडिओची लाईन बंद करू देत नाही. रोज चालू ठेवतो. सगळे त्याला वेडा म्हणतात. आणि अगदी शेवटी, सगळे घरी गेल्यावर, त्या मशीनवर एक छोटा हिरवा दिवा लागतो.

मामा पुढे सरकले. "म्हंजे पोरगं जित्तं हाय."

"हो ना."

"पुढं?"

"पुढचं दुसऱ्या भागात, मामा. अजून यायचाय."

त्या दिवशी मामा गाडीतून उतरताना चक्क गुणगुणत होते. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

* * *

त्यानंतर मामांनी आमचं डोकं खाल्लं. रोज सकाळी बसले की पहिला प्रश्न, "सर, दुसरा भाग कवा येतोय?" दिवाळीला विचारलं, संक्रांतीला तिळगूळ देताना विचारलं.

कचेरीतूनही कदम सरांना फोन करायचे. नेमके बदल्यांचे दिवस होते. बदल्यांची एक यादी निघाली होती, दुसरी यायची होती. मामा फोनवर मोठ्यानं म्हणाले, "दुसरा भाग आला की समदं कळंल. कोण ऱ्हायलं आन कोण गेलं!"

झालं! कचेरीत कुजबुज सुरू झाली. मामांना आतली बातमी आहे! दुपारपर्यंत एकानं आईच्या आजारपणाचे कागद जमवायला घेतले. एका बाईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं. संध्याकाळी खुद्द साहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मामा, माझं काही कळलं का?"

मामा म्हणाले, "साहेब, तुमी त्यात न्हाईतच. त्यात चारच माणसं हायती."

आम्ही हसून हसून बेजार झालो. मामाही हसले. मग हसता हसता थांबून म्हणाले, "पण कवा येतोय, सर?"

* * *

एका रविवारी दुपारी माझी मुलगी मोबाईलवर काहीतरी बघत होती. मी डोकावले तर अंतराळ, यान, चार माणसं. तोच पिक्चर! म्हटलं, चला, बघू तरी. जेवणाचं ताट तसंच ठेवून मांडी घालून बसले.

दोर तुटला. पोरगं मागे राहिलं. खालचे साहेब म्हणाले, संपलं. आणि कप्तानानं स्वतःच्या हातानं त्याची लाईन बंद केली. मग पाट्या पडायला लागल्या. मी पुन्हा मागे जाऊन पाहिलं. लाईन चालू ठेवणारा कुणी नाही. दिवा नाही. पोरगं मेलं होतं. पिक्चरमध्ये त्याबद्दल काडीइतकीही शंका ठेवलेली नव्हती.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी कदम सरांना गाठलं. "चांगले दिवे लावलेत की सर तुम्ही!"

कदम सर चेष्टेखोर माणूस. कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेतात. त्या दिवशी नाही नेली. खडूची धूळ लागलेले हात बघत बसले.

"काय करू मॅडम? मी खराच शेवट सांगणार होतो. सांगायला मागे वळलो आणि मामा दिसले. सीटच्या कडेला येऊन बसले होते. मग रिचार्जवालं आठवलं, तेच घातलं त्यात."

मला तिथेच, स्टाफरूममध्ये, रडू आलं. शिपाई चहा घेऊन आला होता, तो चहा ठेवून पळाला.

"आणि दुसरा भाग आला म्हणजे हो?" मी विचारलं.

"येणार नाही," कदम सर म्हणाले. "पहिलाच पडलाय म्हणे. कोण काढतंय दुसरा?"

* * *

काढला.

परभणीत पोस्टर लागलं आणि ते मामांनी आमच्या आधी पाहिलं. नवीन यान, नवीन हिरो. मामांनी पोस्टरवर त्या पोराला शोधलं. "तेवढं न्हाई घातलेलं," ते म्हणाले. "आत आसंल."

मामांना थांबवायचे सगळे उपाय करून झाले. कदम सर म्हणाले, वाईट आहे म्हणतात. मामा म्हणाले, आसू द्या. मी म्हणाले, हिंदीत आहे. मामा म्हणाले, ताई, आमच्या आज्यानं निजामाच्या राज्यात उर्दूत अर्ज लिवले! शेवटी आम्ही कट केला. पोराचं काय झालं ते सुरुवातीलाच दाखवणार, हे उघड होतं. तेव्हा उशिरा पोचायचं. आणि ही कामगिरी कुणाकडे? कुलकर्णी सरांकडे! त्यांच्याच गाडीतून रविवारच्या दुपारच्या शोला जायचं होतं.

मामांच्या दारात गाडी थांबली तर मामा इस्त्रीच्या शर्टात तयार. आणि मागे मामी! किशोर गेल्यापासून मामी कुणाच्या लग्नालाही गेल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर सारखा करत माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यायनी सांगितलाय मला पयला भाग. दिवा लागला, तिथवर."

कदम सरांनी मागे वळून पाहिलंच नाही.

कुलकर्णी सरांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा उशीर करायचा प्रयत्न केला, आणि माणसाला सवय नसेल तर काय होतं बघा. गाडी मुद्दाम रेल्वे फाटकावरून घेतली, तर नेमकं फाटक उघडं! चारही चाकांत हवा भरली, स्टेपनीतही भरली. काच पुसली. पुन्हा पुसली. मामी म्हणाल्या, "सर, उशीर व्हायलाय."

"होतोय ना?" सर आनंदानं म्हणाले.

थिएटरवर पोचलो तर सगळी माणसं बाहेर उभी. लाईट गेली होती आणि जनरेटर चालू होत नव्हता. आम्ही गाडीतून उतरलो आणि आत दिवे लागले. दारावरचा माणूस हसून म्हणाला, "या, या! तुमच्यासाठीच थांबलो होतो."

* * *

पहिल्याच दृश्यात भिंत होती. भिंतीवर त्या पोराचा फोटो, खाली नाव. वर्दीतला एक साहेब हिंदीत म्हणाला, "हमने उसे खो दिया." सगळ्यांनी मान खाली घातली, आणि पुढच्या क्षणी नवीन यान आकाशात उडालं. थिएटरात शिट्ट्या वाजल्या.

मी पडद्याकडे बघू शकले नाही आणि मामांकडेही बघू शकले नाही. समोरच्या खुर्चीच्या फाटलेल्या रेक्झिनकडे बघत बसले. स्फोट झाले, मारामाऱ्या झाल्या, नवीन हिरोनं पृथ्वी वाचवली. त्या पोराचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. इंटरव्हलला मामांनी सगळ्यांसाठी समोसे आणले. "आता दुसरा गडी आलाय," एवढंच म्हणाले.

सुटल्यावर जिन्यात कुलकर्णी सर मोठमोठ्यानं बोलायला लागले. "छे! पहिल्याची सर नाही! दुसऱ्या भागाचं हे असंच असतं, ओढूनताणून काढतात!" पहिला त्यांनी कुठे पाहिला होता? कदम सरांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांचीच भीती वाटली.

गाडीत बसलो. मामा खिडकीबाहेर बघत होते. स्टेशन रोड गेला, त्यांची गल्ली आली. गाडी दारात थांबली. मामा उतरले आणि फाटकाची कडी काढायला लागले. मामी मात्र उतरल्या नाहीत. पुढच्या सीटकडे वाकून म्हणाल्या, "कदम सर, ह्यो काई जमला न्हाई."

कदम सर कसेबसे म्हणाले, "नाही ना, मामी."

"ह्यायनी घरी सांगितला व्हता तसा न्हाईच ह्यो." मामींनी पदर सावरला, एक पाय खाली ठेवला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. "उद्या गाडीत ह्यायला दुसरा भाग तुमी सांगा. मंग सांजच्याला हे मला सांगतेल."