समुद्राच्या गाडीत बाबांची जागा

भाईलोग, ज्यांना मी केळ्यात मिरची भरून खाऊ घातली होती, त्यांनी पण वाचा. आज मस्करी नाहीये.

आमचे बाबा जिंदगीभर बुऱ्हाणपूरहून केळीचा ट्रक घेऊन मुंबईला गेले, पण समुद्र नाही पाहिला. माल उतरवला की लगेच वापस. आता तब्येत पार बसली आहे, डॉक्टरांनी पण हात टेकलेत. म्हणून मी ठरवलं, पलंग, संडास, गॅस सगळं आतच असलेली गाडी भाड्याने घ्यायची आणि अलिबागपासून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं.

दुपारी त्यांना मोबाइलवर गाडी दाखवली. लगेच चालू झाले, "टायर कसे आहेत? घाटात ब्रेक पकडते का?"

"तुम्हाला चालवायची नाहीये, बाबा. तुम्ही मागे माल बनून झोपायचं."

आई पण हसली. मग बाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"बेटा, लांबच्या गाडीत हिरवी केळी भरतात. पिकलेली इथंच गावात विकून टाकतात. रस्त्यात बिघडली तर तू काय करशील?"

मी मोबाइल बंद करून खिशात टाकला. आई उठून आत गेली.

आत्ता बाबा डोळे मिटून पडलेत. मला वाटलं झोपले. तर तसेच डोळे न उघडता हळूच विचारलं, "त्या पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून बाहेर दिसते का रे?"

यार, तुम्ही सांगा. बुक करू का?